मधुमेह आणि स्मरणशक्ती : घरातील आयाबायांकडे लक्ष हवे



या अंकासाठी सुरू उसाच्या खतमात्रेवर लेख द्यावा असे ठरले होते. तो पुढील अंकी देऊ, खत काही पळून जात नाही. गेल्या दोन-तीन हंगामांत गटवार फिरताना एक गोष्ट वरचेवर नजरेस आली. तिच्याबद्दल डॉक्टर मंडळींशी बोललो, काही छापील अहवाल मिळवून वाचले, तेव्हा ही माहिती आधी सभासदांपर्यंत जाणे अगत्याचे आहे असे वाटले. साखर कारखान्याच्या अंकात साखरेच्या आजारावर लेख म्हणून कोणी हसेल. हसावे, पण वाचावे.

मधुमेह म्हटला म्हणजे न भरणारी पायाची जखम, अधू होणारे डोळे आणि किडनी, एवढे आता खेड्यापाड्यांतही माहीत झाले आहे. मेंदूचे नाव मात्र या यादीत कोणी घेत नाही. म्हातारे माणूस विसरू लागले की आपल्याकडे म्हण तयार असते, साठी बुद्धी नाठी. म्हण म्हटली की विषय मिटला. वास्तविक साठीनंतर प्रत्येकाची बुद्धी नाठी होत नाही, हे आपापल्या गावातील ऐंशीच्या घरातली खणखणीत माणसे पाहून कोणालाही पटावे. ज्यांची होते, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांमागे मधुमेहाचा हात असतो. वडीलधाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तो हात अधिक जड पडतो, असे आता दिसून आले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच.

आधी आजार किती पसरला आहे ते पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, म्हणजे दर शंभर प्रौढांत अकराहून जास्त. आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर उभे आहेत. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र होता. ते आकडे २०११ साली आले, तेव्हा आपल्या राज्यात शहरात दर शंभरी सुमारे अकरा आणि खेड्यात सहा ते सात मधुमेही आढळले होते. खेड्याचा हा आकडा आता जुना झाला. दारात मोटारसायकल आली, मोटेची जागा पंपाने आणि खुरपणीची जागा तणनाशकाने घेतली, तेव्हा तो कमी झाला असेल असे समजण्याचे काही कारण नाही.

आता साखरेचा मेंदूशी संबंध कसा? आपणांपैकी बहुतेकांकडे ठिबक आहे, तेव्हा त्याच भाषेत सांगतो. मेन लाइनला पाणी पूर्ण दाबाने येत असते, सबमेनही ठीक असते, पण क्षार बसून शेवटच्या ओळीतले ड्रिपर बारीक होत जातात. पहिले काही आठवडे ऊस काहीच सांगत नाही. सरीच्या टोकाची बेटे पिवळी दिसू लागतात तेव्हा नळीत चांगलाच थर बसलेला असतो. मेंदूचे तसेच आहे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा पन्नासावा, पण एकूण ऊर्जेपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटा खातो. त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने आतून खराब होतात. मेंदूत मुंगीएवढे झटके येऊन जातात आणि माणसाला पत्ताही लागत नाही. त्यात इन्सुलिनचे काम मेंदूतही असते, त्यात बिघाड झाला की आठवण ठेवण्याच्या कामावर परिणाम होतो. या सर्वांचा परिणाम म्हणून जे होते त्याला डॉक्टर स्मृतिभ्रंश म्हणतात. रक्तवाहिन्यांमुळे होणारा हा त्यातला एक प्रकार, अल्झायमर हा दुसरा, आणि उतारवयात बहुधा दोन्हींची सरमिसळ असते.

देशातील साठीपुढील माणसांच्या स्मरणशक्तीची पाहणी वृद्धांच्या राष्ट्रीय अभ्यासाचा भाग म्हणून करण्यात आली, तिचा निष्कर्ष २०२३ साली आला. दर शंभर वृद्धांत सात ते आठ जणांना स्मृतिभ्रंश, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. यातली फोड महत्त्वाची आहे. पुरुषांत शंभरी सहाच्या आसपास, स्त्रियांत नऊ. शहरात पाचहून थोडे अधिक, खेड्यात आठहून अधिक. खेड्यातली म्हातारी बाई दोन्हींकडून कात्रीत सापडली आहे. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना अन्याय होऊ नये म्हणून या पाहणीत प्रश्न बेताने बदलले होते आणि घरच्या माणसालाही विचारले होते. तेव्हा बाईला अक्षरओळख नाही म्हणून ती परीक्षेत मागे पडली, एवढ्यावर हा फरक झटकून टाकता येणार नाही.

मधुमेहाचा धोका स्त्रीला आणि पुरुषाला सारखाच आहे काय, हा प्रश्न २०१६ साली एका मोठ्या अभ्यासाने हाताळला. जगभरातील चौदा पाहण्या एकत्र केल्या, माणसे तेवीस लाख, त्यांत स्मृतिभ्रंशाचे एक लाखाहून जास्त रुग्ण. मधुमेह असला की स्मृतिभ्रंशाचा एकूण धोका दोघांतही दीडपटीहून थोडा जास्त निघाला, त्यात डावे-उजवे फारसे नव्हते. परंतु रक्तवाहिन्यांमुळे होणारा प्रकार वेगळा काढून पाहिला तेव्हा फरक पडला. मधुमेह नसलेल्या पुरुषाच्या मानाने मधुमेही पुरुषाचा धोका पावणेदोन पट होता. मधुमेह नसलेल्या स्त्रीच्या मानाने मधुमेही स्त्रीचा धोका सव्वादोन पटींच्याही वर गेला. हृदयविकारातही असेच दिसते. मधुमेह नसेल तर त्या वयापर्यंत स्त्रीला निसर्गाचे थोडे संरक्षण असते, मधुमेह ते काढून घेतो.

आपल्यासारख्या कष्टकरी समाजात असे आणखी कोठे तपासले आहे का, तर अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो खोऱ्यात १९९८ साली असा अभ्यास सुरू झाला. साठीपुढील १,७८९ माणसे, मूळ बहुतांशी मेक्सिकोकडचे, घरात स्पॅनिश बोलणारे. १९४२ ते १९६४ या काळात मेक्सिकोतून हंगामी मजूर कराराने अमेरिकेत नेले जात, ते कॅलिफोर्नियाच्या साखरबीटाच्या शेतांतही राबले. आपल्या ऊसतोड मजुरांची टोळी आठवावी. त्या समाजात शिक्षण कमी, मधुमेह भरपूर. सॅक्रामेंटोच्या अभ्यासात जवळजवळ तिसरा हिस्सा वृद्धांना मधुमेह होता आणि मधुमेह व पक्षाघात हीच तेथील स्मृतिभ्रंशाची मोठी कारणे निघाली. स्त्री-पुरुष फरकाबद्दल अभ्यासकांचे अद्याप एकमत नाही. कोणी म्हणतो हा हार्मोनचा परिणाम, कोणी म्हणतो बाईचा आजार उशिरा सापडतो आणि उपचार अर्धवट होतो. माझ्यासारख्या पिकातल्या माणसाने हार्मोनवर बोलू नये. दुसऱ्या कारणावर मात्र बोलता येईल, कारण ते मी बांधावरून पाहतो.

आपल्या घरात पुरुषाला मधुमेह निघाला की काय होते? सकाळची गोळी पाण्याच्या तांब्यासह त्याची बायको हातात देते. भाकरी वेगळी, चहा बिनसाखरेचा, तपासणीची तारीख तिच्या लक्षात. तिला स्वतःला मधुमेह असला तर तिची गोळी कोण देते? तीच. आणि आठवण ठेवण्याची शक्तीच ज्या आजाराने जाते, त्या आजाराची गोळी आठवणीने घेण्याचे कामही तिच्याकडेच. नवरा गेल्यानंतर तर विचारायलाच नको. हा सगळा मामला वाचायला साधा वाटतो, पण माझ्या मते निम्मा घोळ येथेच आहे.

दुसरे असे की पुरुषाचा विसर चारचौघांत उघडा पडतो. सोसायटीच्या हिशेबात, बाजारात, सहीच्या वेळी लगेच कळते. बाईचा विसर चुलीपाशी राहतो. आमटीत मीठ दोनदा पडले, दूध उतू गेले, देवघरातला दिवा लावायचा राहिला, तर सून गुपचूप निस्तरते आणि बाहेर बोलत नाही. कौतुकाने झाकते म्हणा, लाजेने झाकते म्हणा. डॉक्टरपुढे जाईपर्यंत दोन-चार वर्षे गेलेली असतात.

मागील हंगामात एका गट कार्यालयातला प्रकार सांगतो. जमीन स्वतःच्या नावावर असलेल्या एक आजी, सत्तरीच्या आतल्या, बिलाची चौकशी करायला आल्या. "बिल निघालं का रे भाऊ?" सांगितले, निघाले, बँकेत जमा आहे. आजी गेल्या. तासाभराने परत तोच प्रश्न. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्याआधी त्यांनी एकाच प्लॉटची ऊसनोंद दोनदा केलेली निघाली, तेव्हा कोणी म्हणाले की म्हातारी हुशार आहे, टोळी लवकर मिळावी म्हणून डाव करते. पोरे हसली. मी त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन विचारले तर तो म्हणाला, "साहेब, आई वाळकीच्या वाळकी. तिला साखर कुठली? वय झालं तिचं." त्याला आग्रह करून रक्त तपासून घ्यायला लावले. उपाशीपोटी साखर अडीचशेच्या पुढे, आणि बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी. उपचार सुरू होऊन सहा महिने झाले. आजी पूर्वीसारख्या झाल्या असे मी म्हणणार नाही. मात्र यंदा नोंद एकदाच झाली आणि बिलाचा आकडा त्यांनी मला तोंडी सांगितला.

"वाळकीच्या वाळकी" हे त्या मुलाचे म्हणणे आपल्याकडे सर्वांचेच असते. ते कसे फसवे आहे हे आपल्याच पुण्यात सिद्ध झाले आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता-बालकांचा अभ्यास चालवला. शेतात राबणाऱ्या, अंगाने बारीक बायांची मुले जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्या आत, इंग्लंडची मुले साडेतीन किलोची. पण आपल्या मुलांच्या बारीक अंगात चरबीचा वाटा तुलनेने टिकून होता, कमी होते ते स्नायू. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनी स्वतःचेच माप छापले. उंची-वजनाचे प्रमाण दोघांचेही अगदी सारखे, २२.३. अंगातील चरबी मात्र इंग्रजाच्या शरीरात शंभरी नऊ आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरात शंभरी एकवीस. तेव्हा वजनकाट्यावर भरवसा ठेवून बाईला मधुमेह नाही असे ठरवणे म्हणजे उसाची उंची बघून उतारा सांगण्यासारखे आहे.

याच पुण्याच्या संशोधकांनी आपल्या लोकांत बी-१२ ची कमतरता किती खोलवर आहे तेही दाखवून दिले. शाकाहारी घरांत ती अधिक. मधुमेहावर सर्रास दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी चांगली आहे, पण वर्षानुवर्षे घेतल्यास बी-१२ आणखी खाली नेऊ शकते. हे जीवनसत्त्व कमी पडले तरी विसर पडतो, पाय बधिर होतात, चिडचिड होते. हा विसर वेळीच सापडला तर बऱ्याच अंशी भरून येतो. म्हणून मेटफॉर्मिन घेणाऱ्या प्रत्येकाने बी-१२ तपासण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

आता उपवासाविषयी दोन शब्द. हे लिहिताना थोडे सांभाळून लिहितो, कारण माझ्या घरीही या विषयावर माझे चालत नाही. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, आणि आपल्या जिल्ह्यात सप्तशृंगीमातेच्या नवरात्रातले नऊ दिवस. उपवास धरणाऱ्यांत बाया जास्त, हे मोजून दाखवायला नको. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराईड, आणि इन्सुलिन, पोटात अन्न गेले नाही तरी साखर खाली ओढतात. घाम फुटतो, हात थरथरतात, बाई अडखळत बोलते, प्रसंगी शुद्ध हरपते. घरचे म्हणतात अंगात आले. कॅलिफोर्नियातच १६,६६७ वृद्ध मधुमेहींच्या नोंदी तपासून २००९ साली असे आढळले की साखर एकदम खाली जाऊन ज्यांना दवाखान्यात न्यावे लागले, त्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक होता. म्हणजे साखर वाढणे वाईट, तसे एकदम उतरणेही वाईट. अमेरिका व कॅनडात साखर फार कडक बांधून ठेवण्याचा प्रयोग झाला, त्याचा निकाल २०११ साली आला. स्मरणशक्तीला त्याचा काहीही फायदा झालेला दिसला नाही. तेव्हा म्हाताऱ्या माणसाची साखर तरुणाइतकी खाली आणण्याच्या नादी लागू नये, पातळी डॉक्टरांनी ठरवावी. उपवास धरायचाच असेल तर आठ दिवस आधी गोळीबद्दल विचारून ठेवावे. नऊ दिवस गोळी घेऊन पोट रिकामे, किंवा गोळी सोडून साबुदाणा आणि बटाटा, दोन्ही चुकीचे.

तपासणीत काय पाहावे हे आपल्या कामाच्या भाषेत सांगतो. आम्ही तोडणीआधी रिफ्रॅक्टोमीटर घेऊन प्लॉटमध्ये येतो आणि एका उसाचे ब्रिक्स पाहतो, ते त्या कांड्याचे, त्या वेळचे. बोटाला टोचून घेतलेली साखर तशीच, त्या घटकेची. एचबीए१सी नावाची तपासणी ही मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारखान्याच्या उताऱ्यासारखी. पण एक गोम आहे. अंगात रक्त कमी असेल तर हा सरासरीचा आकडा फसवू शकतो, आणि रक्त कमी असण्यात आपल्या बाया आघाडीवर. म्हणून त्यांच्या बाबतीत हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटीची साखर दोन्ही सोबत पाहणे बरे. तिशीपुढील प्रत्येकाची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात होते. आशाताईंना विचारावे, त्यांच्याकडे गावाची यादी असते. ज्या बाईला बाळंतपणात साखर निघाली होती तिने तर दर वर्षी जावे, मग ती आज पन्नाशीची असो.

शिक्षणाचा मुद्दा राहिला. लहानपणी शाळा मिळालेल्या माणसाच्या मेंदूत जणू शिल्लक पडते, आणि आजार आला तरी काही वर्षे ती पुरते. १९६१ च्या जनगणनेत देशात शंभर पुरुषांत चाळीस साक्षर होते, शंभर स्त्रियांत पंधरा. आज सत्तरीत असलेल्या आपल्या आया त्या काळच्या मुली. भाऊ शाळेत गेला आणि ही गुरांमागे, तेव्हा शिल्लक कोणाची पडणार? त्याला आता उपाय नाही. परंतु २०२४ साली जागतिक तज्ज्ञांच्या एका मंडळाने स्मृतिभ्रंशामागची जी चौदा टाळण्याजोगी कारणे मांडली, त्यांत शाळा हे एक, बाकीच्यांत मधुमेह, रक्तदाब, कमी ऐकू येणे, मोतीबिंदूसारखे अधू डोळे, मनाची उदासी, एकटेपणा, अंगमेहनतीचा अभाव ही आहेत. यांतील बहुतेकांवर सत्तरीतही काही करता येते. आजीला ऐकू येत नाही म्हणून तिच्याशी बोलणेच सोडून देतो, ते फार वाईट. तिचा मोतीबिंदू "आता या वयात कशाला" म्हणून ठेवून देतो, तेही.

विसर कोणता साधा आणि कोणता काळजीचा, हे ओळखायला घरच्या माणसाइतका चांगला डॉक्टर नाही. चष्मा कोठे ठेवला ते विसरणे साधे. चष्मा कशासाठी असतो ते न आठवणे काळजीचे. तोच प्रश्न तासात चारदा, रोजच्या वाटेवर चुकणे, नोटा मोजताना गोंधळ, नेहमीची पुरणपोळी करताना पुढचे काय ते न सुचणे, एरवी शांत बाई संशयी होणे, असे दिसले तर सहा महिने वाट पाहू नये. तिची तुलना शेजारणीशी न करता तिच्याच दोन वर्षांपूर्वीच्या वागण्याशी करावी. आणि एकदम दोन-तीन दिवसांतच बोलणे भरकटले तर ते म्हातारपण नसते. साखर, सोडियम, लघवीचा संसर्ग, पक्षाघात असे काहीतरी असते, त्याच दिवशी दवाखाना.

एक गोष्ट कारखान्याच्या कामाशी थेट निगडित आहे. आपल्या सभासदांत विधवा आणि वयस्कर स्त्रिया बऱ्याच आहेत. शेअर, वारसनोंद, बिलाचे खाते, कर्जाचे कागद, यांवर त्यांचा अंगठा किंवा सही लागते. विसर पडू लागलेल्या बाईचा अंगठा घेणे फार सोपे असते, आणि घेणारा बहुधा घरातलाच असतो. अधिक काय लिहावे. ज्यांची समज शाबूत आहे अशांनी वारसनोंद आणि बँकेचे नामनिर्देशन आजच स्वतःच्या मनाने करून घ्यावे. गट कार्यालयात कागद मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय कोणत्याही भगिनीने अंगठा देऊ नये, आणि कर्मचाऱ्यांनी घेऊ नये.

दवाखान्यात जाताना आजीला एकटी पाठवू नये. सोबत रोज तिच्याजवळ असणारी व्यक्ती हवी, म्हणजे बहुतेक घरांत सून. मुलाला आईला रात्री झोप लागते की नाही तेही माहीत नसते. चालू असलेल्या सर्व गोळ्या, जुन्या, अर्ध्या सोडलेल्या, शेजारणीने दिलेल्या, रिकामी पाकिटेसुद्धा, एका पिशवीत घालून न्यावीत आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओतावीत.

– ऊस विकास अधिकारी